रीमाचा जन्मदाता : डब्ल्यू. एच. हडसन

आमच्या मामाच्या माळ्यावर एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले आहेत. वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर. मागल्या मे महिन्याच्या सुट्टीत ते सगळे गठ्ठे मी सोडले आणि पुन्हा बांधले. त्यांत तळाशी एक अमेरिकन अंक सापडला. मामाने तो कधीतरी मुंबईला फुटपाथवर घेतला होता म्हणे. मुखपृष्ठावर रुपेरी केसांची एक मुलगी, अनवाणी, भोवती गर्द रान, आणि नाव : रीमा, जंगलकन्या. रीमा हे नाव आपल्याकडे इतके सर्रास आहे की, मला प्रथम वाटले कोणीतरी आपल्याच मुलीला न्यूयॉर्कच्या चित्रकारांनी पळवून नेले. आत बारीक अक्षरांत छापले होते की, ही कथा डब्ल्यू. एच. हडसन यांच्या ‘ग्रीन मॅन्शन्स’ या कादंबरीवरून घेतली आहे. हा हडसन कोण, म्हणून ग्रंथालयात गेलो, आणि मग कॉमिक बाजूला राहिले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पाखरांवर आणि कादंबरीकारावर लिहावे याचे मित्रांना हसू येईल. येवो. या माणसाच्या आयुष्यात जमाखर्चही पुष्कळ आहे.

कॉमिक्समधल्या जंगलच्या राजकन्येचा नमुना आपल्याला माहीत असतो. बिबट्याचे कातडे पांघरलेली, वेलीला लोंबकळून झेप घेणारी, वाघसिंहांशी बोलणारी गोरी तरुणी. तिचे लहानपणीच आईबाप गेलेले असतात. शिकारी, चोर आणि तस्कर हे तिचे शत्रू. या घराण्यातली सर्वांत गाजलेली शीना ही १९३७ साली एका ब्रिटिश साप्ताहिकात आणि १९३८ साली अमेरिकेच्या ‘जंबो कॉमिक्स’मध्ये आली. विल आयस्नर आणि जेरी आयगर यांच्या चित्रशाळेतून ती निघाली. १९४२ साली तिच्या स्वतःच्या नावाचे मासिकच सुरू झाले. तिच्यामागून मग रूला, जॅन, शॅना अशी रांगच लागली. पण या सगळ्यांच्या कितीतरी आधी, टार्झनच्याही आठ वर्षे आधी, १९०४ साली रीमा कागदावर उतरली होती. तिच्या अंगावर बिबट्याचे कातडे नव्हते. कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंचे वस्त्र होते. हातात सुरा नव्हता. आणि तिला जन्म देणारा माणूस त्या वेळी बासष्ट वर्षांचा होता, लंडनच्या एका भाडेकरूंनी भरलेल्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत होता, आणि ज्या अरण्याचे तो वर्णन करीत होता ते त्याने जन्मात पाहिलेले नव्हते.

विल्यम हेन्री हडसन यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४१ रोजी अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसजवळच्या किल्मेस भागात झाला. आईवडील उत्तर अमेरिकेतून, न्यू इंग्लंडकडून, नशीब काढायला तिकडे गेलेले. घराजवळ ओंबू नावाच्या अवाढव्य झाडांची पंचवीस झाडांची रांग होती, त्यावरून वाडीला नाव पडले होते पंचवीस ओंबू. चहूकडे पंपासचे गवताळ सपाट मैदान. क्षितिजापर्यंत गुरे, घोडे आणि आभाळ. विल्यम सहा वर्षांचा होण्याच्या आतच घोड्यावर बसू लागला होता आणि दिवसच्या दिवस एकटा भटकत असे. शाळा नव्हती. फिरते मास्तर घरी येऊन काही दिवस शिकवीत आणि निघून जात. खरे मास्तर म्हणजे पाखरे.

वडील डॅनियल हडसन मनाने दिलदार आणि व्यवहारात कच्चे. त्यांनी दुसरीकडे चास्कोमूसच्या बाजूला जागा घेऊन मेंढपाळी आणि दुकान मांडले, पण सगळा व्यवहार विश्वासावर. कागद पक्का केला नाही. जागा हातची गेली आणि कुटुंब पुन्हा जुन्या ओंबूंखाली परतले. आम्हाला व्यापारी कायद्याच्या पहिल्याच धड्यात शिकवतात ती चूक.

घरात इंग्रजी आणि दाराबाहेर स्पॅनिश, अशा दोन भाषांत तो मुलगा वाढला. गाऊचो गुराख्यांची गाणी, शपथा, सुऱ्यांच्या मारामाऱ्या हे सारे स्पॅनिशमध्ये. आईची प्रार्थना आणि पुस्तकांचे कपाट इंग्रजीत. घरी मराठी आणि पेठेत कन्नड बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कोणती गोष्ट कोणत्या भाषेत आठवते हे आपल्या हातात नसते.

पंधराव्या वर्षी विल्यमला शहरात टायफसचा ताप आला. त्यातून उठतो न उठतो तोच गुरांचा कळप हाकून आणताना पावसात भिजला आणि सांधेतापाने पडला. हृदय बिघडले. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले की, हा मुलगा केव्हाही जाईल. कदाचित उद्या, कदाचित दहा वर्षांनी, पण अवचित जाईल. पाठोपाठ १८५९ साली आई गेली. ज्याला उद्याचा भरवसा नाही असा तरुण काय करील? हडसन यांनी जे केले ते असे की, रोजचे पाखरू रोज पाहून घेतले. डॉक्टरांचे भाकीत मात्र खोटे ठरले. ते एक्याऐंशी वर्षे जगले. पण मरण दारात उभे आहे ही जाणीव त्यांच्या लिखाणातून कधी गेली नाही, असे मला वाचताना वाटले.

१८६६ पासून ते अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेसाठी पक्षी जमवू लागले. जमवणे म्हणजे काय ते स्पष्ट सांगायला हवे. गोळी घालायची, कातडे सोलायचे, आत कापूस भरायचा, पेटीत घालून बोटीने पाठवायचे. पाठवलेल्या मालाचे पैसे मिळत. शेकडो कातडी त्यांनी पाठवली. पुढे ज्या माणसाने उभे आयुष्य पाखरे मारण्याविरुद्ध वेचले, त्याची पहिली कमाई ही अशी होती. चरित्रे लिहिताना हा भाग लोक घाईने उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. रीमाच्या गोष्टीतला आबेल, जो तिच्या रानात बंदूकवाल्या जगातून येतो आणि हळूहळू शरमिंदा होतो, तो कुठून आला हे त्यावरून कळते.

पुढे लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेचे चिटणीस स्क्लेटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. १८७० साली त्यांनी एका पत्रात थेट चार्ल्स डार्विनवर तोफ डागली. पंपासवर झाड नावालाही नाही आणि तरी तिथे एक सुतार पक्षी राहतो, तो झाडावर चढत नाही, असे डार्विन यांनी लिहिले होते. हडसन म्हणाले की, हे चूक आहे, हा पक्षी झाडावर जातो, मी रोज पाहतो. तरुण रक्ताच्या भरात त्यांनी डार्विनच्या प्रामाणिकपणावरही शिंतोडा उडवला. डार्विन यांनी त्याच संस्थेच्या पत्रिकेत शांतपणे उत्तर दिले. आपल्या पाहण्यात चूक झालेली असू शकेल, पण जाणूनबुजून खोटे लिहिलेले नाही, असा त्यांचा सूर होता. पुढच्या आवृत्तीत तो मजकूर त्यांनी हडसन यांचे नाव घेऊन सुधारला. जगातला सर्वांत मोठा निसर्गशास्त्रज्ञ आणि गवतातला एक अनाम पोरगा यांच्यातला हा हिशेब असा चुकता झाला. उत्क्रांतीचे तत्त्व हडसन यांनीही पुढे स्वीकारले.

१८७१ साली ते पक्षी शोधायला पॅटागोनियात, रिओ नेग्रो नदीकडे गेले. तिथे हाताळताना स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी गुडघ्यात घुसली. सोबती मदत आणायला गेला आणि ते एका झोपडीत रात्रभर एकटे जखमी पडून राहिले. पहाटे सोबती परतला तेव्हा त्यांच्या अंगावरच्या घोंगडीतून एक विषारी साप सावकाश बाहेर निघाला आणि निघून गेला. रात्रभर तो उबेला त्यांच्या कुशीत होता. हडसन यांना त्याचा राग आला नाही, उलट त्याने रात्र सुखात काढली याचा आनंद वाटला. हा प्रसंग मुद्दाम सांगितला, कारण ‘ग्रीन मॅन्शन्स’मध्ये आबेल दगड उचलून एका पोवळ्या सापाला मारू पाहतो, तेव्हा रीमा रागाने आडवी येते आणि साप तिच्या पायाशी आश्रय घेतो. हा प्रसंग काही निव्वळ कल्पनेतून आलेला नाही.

वडील १८६८ सालीच वारले होते. १८७४ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हडसन बोटीत बसून इंग्लंडला गेले. ज्या देशाची भाषा घरात बोलली पण जो देश कधी पाहिला नव्हता, तो त्यांनी आपला मानला. पुन्हा अर्जेंटिनात त्यांनी पाऊल टाकले नाही.

लंडनने त्यांना काही हार घातले नाहीत. पक्ष्यांच्या चित्रग्रंथांमुळे गाजलेले जॉन गूल्ड यांना ते भेटायला गेले आणि कडवट मनाने परतले. एका वंशावळी जुळवणाऱ्या विद्वानाकडे कारकुनी धरली, तर तो मालकच कर्जबाजारी, पगाराच्या नावाने ठणठणाट. १८७६ साली त्यांनी एमिली विंग्रेव्ह यांच्याशी लग्न केले. त्या पूर्वी गायिका होत्या आणि वयाने हडसन यांच्याहून बऱ्याच मोठ्या. दोघांनी मिळून खाणावळवजा भाड्याच्या खोल्या चालवल्या, त्या बुडाल्या. पुन्हा चालवल्या, पुन्हा बुडाल्या. एमिलीबाई गाण्याच्या शिकवण्या करीत, त्यावर चूल पेटे. एक आठवडा नुसत्या कोको आणि दुधावर काढला असेही सांगितले जाते. शेवटी एमिलीबाईंना वेस्टबोर्न पार्क भागातले सेंट ल्यूक्स रोडवरचे एक घर वारसाहक्काने मिळाले, तेही गहाण असलेले. बाकीचे मजले भाड्याने देऊन ही दोघे वर राहू लागली. काळपट विटांचे घर आणि धुराड्यांचे आकाश. पंपासचा माणूस त्या खिडकीत बसून लिहीत होता.

१८८५ साली उरुग्वेवरची ‘द पर्पल लँड’ ही त्यांची पहिली कादंबरी निघाली आणि पडून राहिली. १८८८-८९ मध्ये स्क्लेटर यांच्याबरोबर अर्जेंटिनाच्या पक्ष्यांवरचा ग्रंथ झाला. नाव झाले ते १८९२ च्या ‘द नॅचरलिस्ट इन ला प्लाटा’ या पुस्तकाने. तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते.

आता त्यांच्या आयुष्यातल्या ज्या लढाईसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. त्या काळी युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर पिसे लावण्याची भयंकर फॅशन होती. नुसती पिसे नव्हेत, पंख, डोकी, कधी कधी सबंध पेंढा भरलेला पक्षी. सर्वांत मागणी बगळ्याच्या तुऱ्याला. आपल्या भातशेतात जे पांढरेशुभ्र बगळे उतरतात, त्यांच्यासारख्यांच्या पाठीवर विणीच्या हंगामात झालरीसारखी नाजूक पिसे येतात. ती वर्षाच्या इतर दिवसांत नसतात. म्हणून शिकारी विणीच्या वेळीच वसाहतीवर जात, घरट्यावर आलेले आईबाप टिपत, चार पिसे उपटून घेत आणि उरलेला पक्षी तिथेच टाकत. घरट्यातली पिल्ले भुकेने मरत. ही पिसे वजनाला सोन्याहून महाग विकली जात आणि लंडन हा या व्यापाराचा मोठा बाजार होता. आम्ही मागणी-पुरवठ्याच्या आलेखात किंमत वाढली की पुरवठा वाढतो असे शिकतो. इथे किंमत वाढली तसतसा पुरवठा करणाराच संपत चालला होता. हा वक्र आमच्या पुस्तकात काढलेला नाही.

१८८९ साली मँचेस्टरजवळ डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन या बाईंनी पक्षिसंरक्षणाची एक संस्था काढली. तिच्या सभासद बहुतेक बायकाच होत्या आणि खाण्यासाठी न मारलेल्या पक्ष्याचे पीस आम्ही घालणार नाही, शहामृग तेवढा अपवाद, अशी त्यांची शपथ होती. विद्वान पुरुषमंडळींना याचे हसू येई. हडसन यांना आले नाही. ते त्या बायकांच्या बाजूला जाऊन उभे राहिले, १८९१ साली त्यांनी बगळ्याच्या तुऱ्यांवर एक पत्रक लिहून दिले, आणि मग वर्षानुवर्षे पत्रके, वर्तमानपत्रांतली पत्रे, बैठका यांत ते बुडून गेले. हा झगडा आपल्यापासून दूर नाही. हिंदुस्थानातूनही पिसांची मोठी निर्यात होत असे. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने ती निर्यात बंद केली. इंग्लंडला मात्र आयातबंदीचा कायदा करायला १९२१ साल उजाडले.

१९०१ साली सरकारने हडसन यांना वर्षाला १५० पौंडांचे पेन्शन मंजूर केले, तेव्हा घराला थोडा श्वास मिळाला. आणि १९०४ साली, ज्या वर्षी त्या पक्षिसंस्थेला राजाची सनद मिळाली त्याच वर्षी, ‘ग्रीन मॅन्शन्स’ बाहेर आली.

कथा अशी. काराकासचा आबेल हा तरुण बंडाच्या कटात सापडून पळतो आणि ओरिनोकोपलीकडच्या अरण्यात आदिवासींच्या वस्तीवर पोचतो. जवळच एक रान आहे, त्यात शिकारीला जायला ते लोक भितात. तिथे पाखरासारखा, पण पाखराचा नव्हे असा एक आवाज त्याला ऐकू येतो. तो रीमाचा. ती नुफ्लो नावाच्या म्हाताऱ्याजवळ राहते, त्याला आजोबा म्हणते. तिच्या रानात कोणी जीव मारायचा नाही. म्हातारा मात्र दूर जाऊन चोरून शिकार करतो, खातो, आणि तोंड पुसून घरी येतो. आपल्याकडच्या श्रावणातल्या काही मंडळींची आठवण झाली. रीमाची मूळ भाषा तिच्या आईची, ती दुसऱ्या कोणाला येत नाही. ती बोलणारी माणसे शोधायला ती दूर रिओलामाच्या डोंगराकडे जाते, तर तिथे तिच्या कुळातले कोणीच उरलेले नसते. परत येते तेव्हा ते लोक तिला एका प्रचंड झाडावर कोंडतात आणि झाडाला आग लावतात. आबेल तिची राख घेऊन परततो.

आपल्या शकुंतलेलाही पाखरांनीच सांभाळले, म्हणून तिचे ते नाव. पण तिला सासरची वाट मिळाली. रीमाला बोलायला दुसरे माणूसच उरले नाही. आपल्या बोलीत बोलणारे आपणच शेवटचे, ही कल्पना मला आगीहून भयंकर वाटली.

एक गोष्ट खटकते ती लपवत नाही. रानातले मूळ रहिवासी या कादंबरीत क्रूर आणि अडाणी रंगवले आहेत, आणि रानाची राखण करायला एक गोरीशी, निराळ्याच रक्ताची मुलगी लागते. हाच दोष पुढे शीनाच्या सगळ्या घराण्यात शतगुणित झाला. गाऊचोंना माणूस म्हणून ओळखणाऱ्या हडसन यांनी न पाहिलेल्या लोकांना मात्र इतका न्याय दिला नाही.

इंग्लंडात पुस्तकाचे कौतुक झाले, खप बेताचा. १९१६ साली न्यूयॉर्कच्या क्नॉफ यांनी ते गॉल्सवर्दी यांच्या प्रस्तावनेसह काढले आणि अमेरिकेत ते धडाक्याने खपले. पंचाहत्तरीत हडसन यांच्या हाती पैसा आला. त्यांनी कपडे बदलले नाहीत, घर बदलले नाही. १९२१ साली, आता गरज नाही म्हणून, सरकारी पेन्शन सोडून दिले. मिळणारे पेन्शन आपणहून नको म्हणणारा माणूस मी तरी अन्यत्र वाचलेला नाही.

मधल्या काळात, एका आजारपणात अंथरुणाला खिळले असता, साठसत्तर वर्षांपूर्वीचे बालपण त्यांना एकाएकी लख्ख दिसू लागले. पडल्यापडल्या पेन्सिलीने ते लिहू लागले. १९१८ साली ते ‘फार अवे अँड लाँग अगो’ या नावाने निघाले. ज्याला कादंबरी वाचायला वेळ नाही त्याने निदान हे पुस्तक वाचावे. आपल्या ग्रंथालयात नसेल तर मागवून घ्यावे.

एमिलीबाई दीर्घ आजारानंतर १९२१ साली गेल्या. १८ ऑगस्ट १९२२ रोजी हडसन लंडनला वारले. आपले चरित्र कोणी लिहू नये म्हणून त्यांनी पुष्कळ पत्रे आणि कागद जाळून टाकले होते, तेव्हा हा लेखही त्यांच्या मर्जीविरुद्धच. मालमत्तेचा मोठा भाग त्यांनी पक्षिसंस्थेला दिला. समुद्रकाठच्या वर्दिंग येथील ब्रॉडवॉटर दफनभूमीत पत्नीशेजारी ते आहेत. अर्जेंटिना त्यांना गिल्येर्मो एन्रिके हडसन म्हणते, आणि त्या पंचवीस ओंबूंच्या जागी त्यांचे संग्रहालय केले आहे. इंग्लंड त्यांना आपल्या इंग्रजी गद्यकारांत मोजते. ते स्वतः १९०० साली रीतसर ब्रिटिश नागरिक झाले होते. दोन्ही देशांचा दावा खरा आहे आणि त्यावरून कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही.

लंडनच्या हाइड पार्कमध्ये पक्ष्यांसाठी एक राखीव कोपरा करून तिथे त्यांचे स्मारक उभारले गेले. त्यावर जेकब एप्स्टाइन यांनी रीमाचे शिल्प कोरले. १९ मे १९२५ रोजी पंतप्रधान बाल्डविन यांच्या हस्ते पडदा दूर झाला आणि एकच गहजब उडाला. लोकांना नाजूक परी हवी होती. एप्स्टाइनची रीमा उघडी, राकट, मान मागे टाकलेली, पाखरांनी वेढलेली. वर्तमानपत्रांत पत्रे, पार्लमेंटात प्रश्न, हटवा म्हणून अर्ज. त्याच वर्षी कोणीतरी रात्री येऊन तिच्यावर हिरवा रंगही फासला. रीमा हलली नाही.

मामाच्या ट्रंकेतला अंक १९७४-७५ मधला. डीसी कंपनीने हे कॉमिक काढले, संपादन ज्यो क्यूबर्ट यांचे, चित्रे फिलिपिनो चित्रकार नेस्टर रेदोंदो यांची. पाने पिवळी पडली आहेत तरी त्या झाडांच्या रेघा अजून जिवंत वाटतात. सातच अंक निघाले आणि मासिक बंद पडले. मात्र त्या चित्रकथेत एक फरक केलेला आहे. झाडाला आग लागते, ज्वाळा शेंड्यापर्यंत जातात, आणि रीमा त्यातून जिवंत बाहेर पडते. मामाला विचारले तर त्याला एवढेच आठवले.